हाताचा ठसा आणि आजचा धक्का

मंडळी, घरी आल्या आल्या लिहितेय, टायपिंगच्या चुका चालवून घ्या.

आज डहाणूच्या क्राफ्ट क्लासमध्ये मी आणि माझी सात वर्षांची तन्वी पहिल्यांदाच प्लास्टर ऑफ पॅरिसला हात लावत होतो. थाळीत ते ओतायचं, हाताला तेल लावून तळवा दाबायचा. "घट्ट होईपर्यंत अजिबात हलायचं नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, हे आम्हाला नको, जमिनीला सांगा," तलासरीहून येणारी ताई म्हणाली. सगळ्या हसलो. भूकंपाचे हादरे रोजचेच झालेत, हसणार नाही तर काय!

प्लास्टर हाताखाली कोमट व्हायला लागलं आणि तेवढ्यात जमिनीतून धाडकन आवाज आला. खिडक्या खडखडल्या. आम्ही सगळ्या दाराकडे पळालो. आता सवयच लागलीय, आवाज आला की बाहेर.

बाहेर येऊन बघते तर तन्वी नाही!

ओरडतच आत धावले. पोरगी टेबलाखाली बसलेली, थाळी मांडीवर, हात अजून प्लास्टरमध्येच. "शाळेत शिकवलंय, बाकाखाली जायचं. बाक नव्हता, म्हणून टेबल. आणि बाई म्हणाल्या ना, हलायचं नाही."

आता दोन्ही थाळ्या माझ्यासमोर आहेत. तिची पाचही बोटं स्वच्छ उमटलीत. माझ्या थाळीत नुसते ओरखडे.

घरी बॅटरी, चादरी, पाणी, सगळं दाराशी तयार ठेवलंय. पण धक्का बसला तर कुणी कुठे जायचं, हे आम्ही मायलेकी कधी बोललोच नव्हतो.

तुम्ही बोललायत?