चोख काम आणि लेक

बायको गेल्यावर वर्षभरात बाइंडरनं आयुष्य आवरायला काढलं. बांधणीला आलेल्या एका जुन्या मासिकात त्यानं वाचलं होतं, की आपल्याला खरोखर मोलाचं काय ते कागदावर लिहावं आणि बाकीचा पसारा सोडून द्यावा. असले लेख लिहिणाऱ्यांचं काय जातं! पण हा पडला एकमार्गी. त्यानं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहिलं: चोख काम. लेक. तिसरं काही सुचेना, तेव्हा त्याला वाटलं, सुटलो.

मग कुऱ्हाड चालली. रेडिओ गेला, जादा खुर्च्या गेल्या, पत्त्यांचा अड्डा बंद झाला. बहीण फोनवर तासभर बोलायची. तिला सांगितलं, "कामाचं असेल तेवढंच बोल."

"दादा, काम असतं तर तुला कशाला फोन केला असता?" ती म्हणाली, आणि तिनं फोन करणंच सोडलं.

शेवटी कागदांना तारेची गुंडाळी घालायचं यंत्र त्यानं शेजारच्या झेरॉक्सवाल्याला देऊन टाकलं. निम्मं दुकान त्या यंत्रावर चालायचं.

"काका, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"आत्ता कुठे आलंय," बाइंडर म्हणाला. यापुढे फक्त दाभण, दोरा आणि खळ.

काही महिने तो खरोखर सुखात होता, हे कबूल करायला हवं. गिऱ्हाईक कमी, कटकट त्याहून कमी.

लेक सात वर्षं एका प्रबंधामागे लागली होती. शुक्रवारी पाचच्या आत तो विद्यापीठात दाखल झाला, तरच कॉलेजातली नोकरी तिची होणार होती. बुधवारी ती पाच प्रतींची पानं घेऊन आली.

"बाबा, घाई आहे. शेजारी दहा मिनिटांत होईल हो."

"माझ्या लेकीचं पुस्तक, आणि तारेत? मग मी कशाला जिवंत आहे?"

ती हसली. तिलाही ते हवंच होतं. शाळेत तिच्या वह्या सगळ्यांत देखण्या असायच्या.

शुक्रवारी सकाळी पाचही प्रती तयार होत्या. निळं कापड, सोनेरी अक्षरं. बाइंडरनं त्या शेजारी शेजारी मांडल्या, तर तिसरीची शिवण सुतभर कललेली. बरं, ती एकटी उसवावी की नाही? पण पाच प्रती म्हणजे त्याच्या लेखी एकच काम. दोरा नवा तर पाचांनाही नवा. त्यानं पाचही उसवल्या. तीनपर्यंत सहज होईल, असं त्यानं धरलं. आपली बोटं आता साठीची आहेत, हे धरलं नाही.

साडेतीनला लेक आली. मेजावर सुट्या पानांचे तीन ढीग, दोन प्रती नुसत्याच शिवलेल्या.

"बाबा, हे काय?"

"तिसऱ्या प्रतीची शिवण जरा..."

"तपासणाऱ्यांना दिसली असती?"

"नाही."

"मला?"

"तुलाही नाही."

"मग कुणासाठी उसवलंत?"

तुझ्यासाठी, असं तो म्हणणार होता, पण ते खरं नव्हतं. सकाळपासून तो त्या शिवणीकडे बघत होता. लेकीचा चेहरा एकदाही डोळ्यांपुढे आला नव्हता.

तिनं पानं छातीशी कवटाळली आणि शेजारी धाव घेतली. झेरॉक्सवाल्यानं बिचाऱ्यानं रांगेतल्या सगळ्यांना बाजूला सारलं. पण पानांच्या कडा खळीनं चिकटलेल्या, सोडवताना फाटल्या. ती पानं नव्यानं छापावी लागली. लेक विद्यापीठात पोचली तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि खिडकी बंद होती. नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली.

भांडली असती तर निदान बोलणं तरी झालं असतं. ती भांडली नाही. लांबच्या एका शहरात कारकुनी धरली आणि निघून गेली. रविवारी सकाळी तिचा फोन येतो.

"बरे आहात?"

"बरा आहे. तू?"

"बरी."

मग बाइंडर काहीतरी सांगायला शोधतो. कुणी येत नाही, कुणाकडे जाणं नाही, सांगणार कुणाचं? एका ग्रंथालयाचे चार खंड त्यानं या आठवड्यात शिवले, अगदी ओळंब्यात. पण शिवणीचं नाव तिच्यापुढे काढायची त्याची छाती होत नाही.

"ठेवू मग?" ती विचारते.

"ठेव," तो म्हणतो.