दोन्ही दंडांचं प्रेशर

एका दंडावर मोजलेलं प्रेशर धोंडूमामाने कधीच मान्य केलं नाही. पोलादपूरच्या वरच्या वाडीतून तो दर तीन महिन्यांनी महाडला माझ्याकडे उतरायचा, मी त्याला डॉक्टरांकडे न्यायचो. डावा दंड झाला की तो उजवा पुढे करी. "दोघांची साक्ष घ्यावी," म्हणे, आणि मोजणाऱ्याचं तोंड न्याहाळत बसे.

संशयी मीही कमी नाही. घरचं यंत्र पिशवीतून नेऊन मी दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून बघायचो आणि आकडे वहीत लिहायचो.

गोळी सुरू झाली तेव्हा त्याने विचारलं, "प्रेशर चढवतो कोण रे?"

डॉक्टरांकडून ऐकलेलं मी सांगितलं. मानेमागे, मेंदूच्या बुडाशी दोन अमिनो आम्लं काम करतात. ग्लुटामेट तिथल्या पेशींना चेतवतं, गाबा त्यांना आवरतं. त्यांच्या ओढाताणीवर रक्ताचा दाब बराचसा ठरतो.

"म्हंजे बैलाला एक पराणी टोचणारा, एक कासरा ओढणारा. नि गोळी कोणाच्या बाजूची?"

"ती मेंदूत जात नाही. रक्तवाहिन्या सैल करते."

"म्हंजे त्या दोघांना न विचारता," मामा म्हणाला.

पुढच्या चारही खेपांना वरचा आकडा एकशे सत्तरच्या खाली आला नाही. दोन्ही दंड, दोन्ही यंत्रं तेच सांगत. "गोळी घेता ना?" डॉक्टर विचारत. "पाकीट संपलाय की," मामाचं उत्तर. डॉक्टरांनी दोनदा गोळीची ताकद वाढवली.

चौथ्या खेपेला, परतीच्या एसटीची वाट बघताना तो म्हणाला, "घरी उठताना गरगरतंय रे."

गोळी सुटावी म्हणून काढलेला बहाणा, असं मला वाटलं. "आकडा बघ मामा, मग बोल," मी म्हणालो. डॉक्टरांना काही सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी गोठ्याच्या पायरीवर चक्कर येऊन तो पडला. खुबा मोडला. त्या अंथरुणातून तो उठला नाही.

दिवसकार्य उरकल्यावर मामीने त्याची तंबाखूची डबी माझ्यापुढे ठेवली. आत गोळ्या होत्या. मोजल्या, बारा भरल्या. चार खेपा, प्रत्येक खेपेला तीन.

"महाडला जायच्या आदी तीन दिस घ्यायचा नाय," मामी म्हणाली. "म्हणायचा, गोळी पोटात असली की डॉक्टरला गोळीचा आकडा दिसतो. आतली दोघं काय बोलतात ता त्याला कळाया नको?"

त्या चार खेपांचे सोळा आकडे माझ्या वहीत आहेत, सगळे गोळीविना घेतलेले. चक्कर कुठेच लिहिलेली नाही.