बाकाच्या कडेचा कैदी

सातवीत शाळा सोडून कोकणातून नागपुरात आलो. कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर मालकांनी ठेवून घेतलं, ते उपकार अजून फिटलेले नाहीत. तारखेला एक कैदी शिपायाबरोबर तिथं यायचा. बाक रिकामा असला तरी अंग चोरून कडेलाच बसायचा. तुरुंगात दाटी एवढी, की एकानं कूस बदलली की रांगेतल्या सगळ्यांना बदलावी लागे. त्याविरुद्धच त्यानं कोर्टात अर्ज केला होता.

“अर्ज मागं घे ना गा,” शिपाई म्हणाला. “जेलचे साहेब शिक्षा कमी करून देऊन राहिले. दिवाळीले घरी जाशीन.”

“जाईन. पन रांगेतली माही जागा रिकामी राहीन काय?” तो थकल्या आवाजात म्हणाला.

दिवाळीनंतरच्या तारखेलाही तो शिपायाबरोबर आला. मालकांकडे साधी रजा मागायची धास्ती वाटणारा मी त्याच्याकडे नुसता बघत राहिलो.