परीक्षेतला पेशंट

आमच्या लवळ्याच्या नर्सिंग कॉलेजात परीक्षेला पेशंट म्हणून गावातल्या एक आजी येतात. डोक्यावर पदर घेऊन कॉटवर पडायचं आणि पाठ केलेली पोटदुखी कण्हत सांगायची, यात त्या पटाईत. मुली पेशंटच्या चालीरीती सांभाळतात का, याचे मार्क मी देते. एखादी चुकली की आजी कण्हणं थांबवून माझ्याकडे बघतात!

परवा केरळची मुलगी आली. आजींचा पदर घसरला होता. तिनं तो आधी त्यांच्या डोक्यावर नीट ओढून दिला, मग तोडक्या मराठीत विचारलं, "आजी, हात लावू?"

आजी ताडकन उठून बसल्या. "ओ मॅडम, हिला पास करा! लई गुणाची हाय!"

मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या. पण आजींनी तिचा हात सोडला नव्हता.

"पोटाचं खोटं हाय गं," त्या हळूच म्हणाल्या. "छातीत गाठ हाय. ती बघ."