वातीला दुधाचा हात

त्या हिवाळ्यात आमच्या दोह्यातल्या अल सद्दच्या फ्लॅटमध्ये दोन प्रकारच्या वाती होत होत्या. एक देवाच्या, सासूबाईंच्या हातच्या. दुसऱ्या माझ्या नवऱ्याच्या. त्या कशासाठी आहेत हे सासूबाईंना कळू नये म्हणून मी जीव मुठीत धरून घरात वावरत होते.

नवऱ्याच्या वातींचं आधी सांगते. तो सिगरेट ओढायचा, आणि थोडीथोडकी नाही. साइटवरून आला की त्याचा शर्ट वेगळा धुवावा लागायचा. माझे सासरे याच व्यसनापायी गेले होते. शेवटचे कितीतरी महिने नाकात नळ्या आणि उशाशी सिलिंडर. ते सगळं काढलेल्या सासूबाईंनी मुलाला एकदाच बजावलं होतं, "तू सिगरेट ओढतोस तोवर मी तुझ्या घरचं पाणी पिणार नाही." बाई एकवचनी. आम्ही कतारमध्ये बिऱ्हाड मांडून वर्षं लोटली तरी नाशिक सोडून त्या काही आल्या नाहीत.

मग नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण नोकरी संपवून कायमचा मायदेशी परतला आणि जाताना आपलं वाफेचं यंत्र याच्या हातात ठेवून गेला. मुठीत मावेल एवढी बॅटरीची डबी आणि तिच्यावर बसणारं स्टीलचं बुटकं नळकांडं. नळकांड्याच्या आत तारेचं वेटोळं, वेटोळ्यातून ओवलेला कापूस, आणि कापसात मुरलेला निकोटीनचा गोड वासाचा रस. बटण दाबलं की तार तापते, रसाची वाफ होते, ती ओढायची. बघता बघता याची सिगरेट सुटली. त्याने नाशिकला फोन केला, "आई, सोडली." यात खोटं काही नव्हतं, फक्त यंत्राचा उल्लेख तेवढा राहून गेला. सासूबाई फोनवर रडल्या आणि व्हिसाची कागदपत्रं पाठवायला म्हणाल्या.

मी मात्र आनंदाने नाचत नव्हते. माझा स्वभावच असा आहे की सुख दारात आलं तरी मी आधी त्याची चप्पल बघते. हे यंत्र कतारमध्ये आणायला आणि विकायला बंदी होती. घरात बसून ओढलं तर चालतं का, हे मला कोणी धड सांगू शकलं नाही, आणि विचारणार तरी कोणाला? दारावरची बेल वाजली की मी आधी यंत्र लपवायला धावायची, मग दारात इस्त्रीवाला का असेना. रस कोणी ना कोणी सामानातून आणून द्यायचं. त्याबद्दल फोनवर बोलताना हे लोक रसाला 'काकवी' म्हणायचे. "काकवी संपत आली रे," असं एक इलेक्ट्रिकल इंजिनिअर दुसऱ्याला सांगतो, तेही आवाज खाली करून! ऐकणाऱ्याला त्यानेच जास्त संशय आला असता.

तयार वेटोळी दुकानात मिळण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे नवरा ती घरी करायचा. शुक्रवारी सकाळी चहा झाला की तो जेवणाच्या टेबलावर टॉवेल पसरून बसे. ड्रिलच्या बारीक पात्यावर तार गुंडाळायची, वेढे एकमेकांना चिकटून, एकही पुढेमागे नको. ते वेटोळं नळकांड्यात स्क्रूने आवळायचं आणि बटण दाबून बघायचं. तार मधून लाल व्हायला हवी आणि लाली दोन्ही टोकांकडे पसरायला हवी. एखादाच वेढा आधी पेटला तर तिथे कापूस जळणार. मग चिमट्याने दाबून, खरवडून ती जागा सरळ करायची. स्टेडियमच्या विजेचं काम करणारा हा माणूस त्या वेटोळ्याकडे जसा बघायचा तसा माझ्याकडे लग्नातही बघितल्याचं मला आठवत नाही.

तारेचं एक भलंमोठं रीळ त्याच सहकाऱ्याने जाताना दिलेलं होतं, ते जन्मभर पुरलं असतं. खरी कटकट कापसाची. फार्मसीतल्या कापसाला औषधाची चव लागे, मग तो मी पातेल्यात उकळून वाळवून द्यायची. एशियन टाउनच्या बाजारातून उशीत भरायचा म्हणून आणलेला कापूस कापूसच नव्हता, काडी लावून बघितली तर प्लॅस्टिकसारखा गोळा झाला. नशीब की आधी काडी लावली. शेवटी कोणीतरी जपानी कापसाच्या चौकोनी पट्ट्या आणून दिल्या आणि साहेबांचं त्या एकाच कापसावर मन बसलं. तो ओवायची रीत मात्र आपल्या परकरात नाडी ओवण्याची. घट्ट झाला तर रस वर चढत नाही आणि कोरडा कापूस जळून घशाला आग लागते. सैल झाला तर रस गळतो. कापूस ओढून घेताना तार किंचित हलली पाहिजे पण वाकता कामा नये, हे मी बघून बघून इतकं शिकले होते की त्याची बोटं थकली की मीच ओवून द्यायची. भीतीने अर्धी झाले होते, तरी ओवून द्यायची. कारण हे बंद पडलं तर तो पुन्हा सिगरेटकडे जाईल, ही भीती बाकी सगळ्या भीतींची आई होती.

सासूबाई आल्या आणि पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मुलाला कापूस हातात घेऊन बसलेला बघितलं. मी ओट्याशी होते. माझ्या हातातली पळी तशीच राहिली.

"वाती वळतोयस?" त्यांनी विचारलं.

"हो," नवरा म्हणाला.

त्या एका 'हो'ने आमच्या घरात भक्तिमार्ग सुरू झाला. सासूबाईंनी दुपारी नाशिकला बहिणीला फोन लावला. "अगं, सुट्टीच्या दिवशी स्वतः देवाच्या वाती करतो! परदेशात राहून! आणि आपल्याकडची पोरं बघ." नवरा हसून घेत होता. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी घामही फुटत होता. मी त्याला बेडरूममध्ये गाठून म्हटलं, "अरे, सांगून टाक. कळलं तर त्या आल्या पावली परत जातील."

"म्हणूनच नाही सांगत," तो म्हणाला. "आणि तू तोंड पाडून फिरू नकोस, तुझ्या चेहऱ्यावरूनच कळेल तिला."

झालं, आता चेहऱ्याचीही काळजी माझ्याकडे आली. तो बाथरूममध्ये वाफ सोडायचा. "तुमच्या बाथरूमला आंब्याचा वास येतो गं," सासूबाई म्हणाल्या. मी एअर फ्रेशनर म्हणून सांगितलं, आणि मग ते खरं दिसावं म्हणून आंब्याच्या वासाचा एअर फ्रेशनर शोधत निम्मं दोहा पालथं घातलं. मिळाला तो लिंबाचा.

सासूबाईंना मुलाच्या वाती काही पसंत पडल्या नव्हत्या. "अशा लठ्ठ असतात का वाती? समईत राहायच्या नाहीत." त्यांनी नाशिकहून आणलेला कापूस काढला, गॅलरीच्या दारात उन्हाला बसल्या आणि लांब वाती वळायला घेतल्या. रोज थोड्या थोड्या करत एक डबा भरला. "यातल्या घेत जा, स्वतः खटपट करू नकोस. आधीच दमून येतोस." तो खरंच दमून येत होता. वर्ल्ड कप अजून काही वर्षं लांब होता, पण त्याच्या साइटवर तो उद्यावर आल्यासारखी पळापळ चालायची. हँडओव्हरची तारीख पुढे सरकत नव्हती आणि काम मागे पडत होतं. त्यातच जपानी कापूस संपला. जो आणायचा त्याचं येणं लांबलं. उकळलेला कापूस याच्या घशाखाली उतरेना. तो बारीकसारीक गोष्टींवरून खेकसायला लागला, आणि एका संध्याकाळी साइटवरच्या कोणीतरी सिगरेट पुढे केल्याचं त्याने मला सांगितलं.

"घेतलीस?"

"नाही. पण हात गेला होता."

मला त्या दिवसापासून जेवण जाईना. तो घरी आला की मी दारातच त्याच्या शर्टाचा वास घ्यायची, अगदी सासूबाईंसमोर. त्यांना वाटलं असेल, सूनबाईंचं प्रेम उतू चाललंय.

पुढच्या शुक्रवारी त्याने देवाच्या डब्यातली वात उचलली. मी म्हटलं, "अरे, हे काय?" तर म्हणाला, "कापूस तो कापूस. देवाला चालतो, मला नाही चालणार?" वात उलगडून, दोन एकत्र करून त्याने वेटोळ्यात ओवल्या, रस घातला आणि बाथरूममध्ये गेला. सासूबाई पोहे निवडत होत्या.

आधी खोकला ऐकू आला. नेहमीचा असेल म्हणून मी थांबले. पण तो थांबेना. दार ढकललं तर हा बेसिनला धरून वाकलेला, डोळे लाल, श्वास आत जात नाही म्हणून छातीवर हात मारतोय. जळक्या दुधासारखा करपट वास सगळीकडे भरला होता. मागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. असं वाकलेलं माणूस त्यांनी आधी बघितलेलं होतं.

मी यंत्र टॉवेलखाली सारलं, किल्ली घेतली आणि दोघांना गाडीत घातलं. शुक्रवारची सकाळ, रस्ते मोकळे, पण मागच्या आठवड्यात जिथून वळत होतो तिथे आता पत्रे उभारून रस्ता खणलेला. मी दोनदा चुकले. मागे सासूबाई रामरक्षा म्हणत होत्या आणि मधेच विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होत्या. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं की डॉक्टर विचारणार काय झालं, आणि आपण काय सांगायचं? खरं सांगितलं तर पोलीस, नोकरी, व्हिसा. नाही सांगितलं तर उपचार कसले करतील?

इमर्जन्सीत त्याला मास्क लावला. डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, सिगरेट ओढता? त्याने आईकडे बघून मान हलवली, नाही. धूळ, केमिकल, काही श्वासात गेलं का? पुन्हा नाही. मला वाटलं आता आपल्याच छातीत कळ येईल. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं, यंत्र, तार, कापूस, सगळं. सांगताना त्यांच्या पेनकडे बघत होते, हे आता काय लिहितात. त्यांनी एवढंच म्हटलं की ती वस्तू फेकून द्या, आणि एक्स-रे लिहून दिला.

वळून बघते तर केरळची नर्स सासूबाईंचा हात धरून त्यांना हिंदीत समजावत होती. "अम्मा, टेन्शन नहीं लेना. वो वेप में कॉटन डालते हैं ना, वो जल गया. धुआँ अंदर चला गया. ठीक हो जाएगा."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्या ओरडतील, रडतील, तिकीट मागतील म्हणून वाट बघत उभी राहिले.

"कुठला कापूस?" त्यांनी विचारलं.

मला खोटं सुचलंच नाही. "तुमच्या डब्यातला."

"त्याला दुधाचा हात होता गं," त्या म्हणाल्या आणि खुर्चीवर बसल्या. "तंतू सुटतात म्हणून मी दूध लावून वळते. माझ्या वातीने झालं का हे?" वेप म्हणजे काय हे त्यांनी विचारलंच नाही. आपल्या बोटांकडे बघत राहिल्या. मी शेजारी बसून सांगत होते, आई, तुमचा काही दोष नाही, तार जास्त तापली असेल, रस चढला नसेल. त्यांना त्यातलं काही ऐकू येत होतं असं मला वाटलं नाही.

एक्स-रे स्वच्छ आला. श्वास मोकळा झाला. दुपारच्या नमाजाची गर्दी रस्त्यावर यायच्या आत आम्ही बाहेर पडलो. नवरा माझ्या शेजारी, सासूबाई मागे.

"हे यंत्र नसतं तर काय ओढलं असतंस?" मागून प्रश्न आला.

"सिगरेट," नवरा म्हणाला. त्याचा आवाज बसला होता.

"आणि आता हे टाकलंस तर?"

मी समोर बघत होते. हे मला कितीतरी दिवस विचारायचं होतं आणि उत्तराच्या धास्तीने मी विचारलं नव्हतं. "टाकीन, पुन्हा हात नाही लावणार" असं तो म्हणेल आणि आम्ही तिघंही ते खरं मानू, अशीच माझी अपेक्षा होती.

"माहीत नाही, आई," तो म्हणाला. "राहवेल असं नाही वाटत मला."

सिग्नल लागला. आता त्या तिकिटाचं काढणार, मी मनाशी म्हटलं. त्यांनी शब्द दिला होता आणि त्यांचा शब्द मला माहीत होता. सासऱ्यांची पाकिटं त्यांनी चुलीत घातली होती, गच्चीवरून फेकली होती, एकदा तर दुकानदाराशी भांडायला गेल्या होत्या. उपयोग काहीच झाला नव्हता.

"मग कापूस मी नुसता पिंजून देईन," सासूबाई म्हणाल्या. "दूध नाही लावायची."

नवऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलायला लागले. मला समोरचं दिसेना, सिग्नल सुटलेलाही कळला नाही, मागच्या गाडीने हॉर्न धरला. सासूबाई पुढे वाकल्या आणि दोन सीटच्या मधून हात घालून त्यांनी त्याच्या पाठीवर ठेवला.

"रडू नको आता," त्या म्हणाल्या. "पुन्हा खोकला लागेल."