मृणालची किट्टा

“त्या मुलीला यापुढे येऊ देऊ नका,” हर्षदभाई म्हणाले. हर्षदभाई म्हणजे आमच्या सेंटरचे ट्रस्टी.

“कोणत्या मुलीला?”

“ती धरा नावाची. तिने हँडिकॅप मुलीशी भांडण केलं, मीनाबेन! आपल्या मृणालशी! पुढच्या आठवड्यात कंपनीचे मोठे साहेब येणार आहेत. त्यांच्या कानावर गेलं तर?”

“भांडण कशावरून झालं?”

“कशावरून का होईना. भांडायचं नाही असं ट्रेनिंगमध्ये स्पष्ट सांगितलं होतं.”

माझं डोकंच फिरलं. पण का फिरलं ते कळायचं तर आधी त्या ट्रेनिंगबद्दल सांगायला हवं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. बडोद्यातल्या निम्म्या लोकांची तेव्हा अशी समजूत होती की मी नोकऱ्या लावून देते. एका गृहस्थांनी तर भाच्याचा बायोडेटा आणून दिला होता. खरं काम साधं आहे. हातापायांवर ताबा नसलेल्या मुलाला रोजची कामं करता यावीत, म्हणजे चमचा धरता यावा, बटण लावता यावं, पेन्सिल पेलता यावी, यासाठी त्याच्या हातांना वळण लावायचं. पाणीगेटजवळ आमचं अपंग मुलांचं सेंटर होतं. व्हीलचेअरसाठी एक छान रॅम्पही होता. त्या रॅम्पपर्यंत पोचायला दोन पायऱ्या चढाव्या लागत, पण उद्घाटनाच्या फोटोत त्या आल्या नव्हत्या.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. लोकांच्या हातात पैसा खेळायला लागला होता आणि कंपन्यांना समाजाची आठवण व्हायला लागली होती. नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीने आम्हाला प्रोजेक्ट दिला. ती कंपनी काय बनवते ते मला आजही उच्चारता येत नाही. प्रोजेक्टचं नाव मात्र सोपं होतं, ‘फ्रेंड्स फॉर लाइफ’. एका मोठ्या शाळेतली मुलं दर शनिवारी सेंटरवर यायची आणि आमच्या एकेका मुलाला एकेक मित्र मिळायचा. मित्राला ‘बडी’ म्हणायचं. बडीच्या छातीवर बडी असा बिल्ला असायचा, म्हणजे कुणाचा गैरसमज नको.

हे सगळं बसवलं होतं कंपनीच्या निखिलने. नवा एमबीए, कमरेला मोबाइल, आणि तेव्हा तो नुसता कमरेला असला तरी माणूस महत्त्वाचा वाटे. त्याने बडी मुलांना ट्रेनिंग दिलं. नेहमी हसायचं. नाही म्हणायचं नाही. खेळात स्पेशल मुलाला जिंकू द्यायचं. आवाज चढवायचा नाही. मी मागे बसून ऐकत होते. हे ट्रेनिंग मित्रांचं आहे की एअर होस्टेसचं, ते मला कळेना. तसं मी विचारलंही, तर निखिल म्हणाला, “मॅडम, यू आर सो फनी.”

मृणाल तेव्हा दहा वर्षांची असेल. तिला सेरेब्रल पाल्सी. म्हणजे जन्माच्या सुमारास मेंदूला इजा होते, आणि मग हातपाय, जीभ हे सगळे मेंदूचं ऐकतात खरे, पण आपल्या सवडीने. तिचे शब्द ताणून ताणून यायचे. बुद्धी मात्र लखलखीत, आणि जीभ जड असूनही तिखट. घर मराठीच, दांडिया बाजारात. आई शाळेत शिक्षिका. तिने प्रोजेक्टमध्ये नाव घालताना मला एवढंच सांगितलं होतं, “ताई, हिच्या वाढदिवसाला सगळी मोठी माणसंच येतात हो. एक तरी मूल यावं.”

तर मृणालला बडी मिळाल्या. एक झाली, दुसरी झाली. सगळ्या गोड. सगळ्या तिच्याशी अगदी सावकाश बोलायच्या, जणू जड जीभ त्यांचीच आहे. सगळ्या लुडोत हरायच्या. एकदा मी मृणालला विचारलं, “काय गं, मजा येते ना?”

“ताई,” ती म्हणाली, “या न... र्स आहेत. छोट्या न... र्स.”

मग आली धरा. मांडवीच्या पोळातल्या, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्लीतल्या, मोठ्या एकत्र घरात चुलत भावंडांच्या गर्दीत वाढलेली. ट्रेनिंगच्या दिवशी ती लग्नाला गेली होती, हे आमचं नशीब. दोघी लुडो खेळायला बसल्या. मृणालला चार पडले. तिने थरथरत्या हाताने सोंगटी उचलली आणि सात घरं पुढे नेऊन ठेवली. आजवरच्या सगळ्या बडी अशा वेळी गोड हसून छताकडे बघायच्या. हात थरथरतो बिचारीचा, जाऊ दे.

धरा ओरडली, “अंचई! चार पडले ने, सात घर केम चाली?”

अंचई म्हणजे खेळातली लबाडी. बडोद्याच्या गल्लीत याहून मोठा आरोप नाही.

“माझा हात... हलतो,” मृणाल म्हणाली.

“हात हलतो तर कधी मागे का नाही जात? दर वेळी पुढेच कसा जातो?”

मी पलीकडच्या टेबलाशी होते. मी या मुलीचा हात आठवड्यातून तीनदा तपासत होते, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. मृणालचा चेहरा लालबुंद झाला. पकडली गेली होती ना! तिने सगळा पट उधळून दिला. धराने करंगळी तिच्या नाकासमोर नाचवली, “जा, किट्टा!” आणि बिल्ला तिथेच टाकून निघून गेली.

किट्टा म्हणजे अबोला, मराठीत आपण कट्टी म्हणतो ती. आमच्याकडे ती करंगळी दाखवून करतात आणि पहिली दोन बोटं जोडून बुच्चा केली की मिटते. बडोद्यात मराठी मुलंही किट्टाच करतात.

हीच बातमी हर्षदभाईंकडे पोचली होती. मी त्यांना म्हटलं, “धराला काढू नका. मृणालला पहिल्यांदा कुणीतरी बरोबरीचं समजलंय.”

“पण ते साहेबांना कसं समजावणार?” हर्षदभाईंनी कपाळाला हात लावला. निखिलने तोडगा काढला. धराने सॉरी म्हणायचं, इंग्रजीत, स्टेजवर. धराला विचारलं तर ती म्हणाली, “अंचई तिने केली. तिने म्हणावं.” झालं, मॅटर क्लोज्ड. धरा आउट.

मृणालच्या आईला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता ही बाई रडणार. ती रडलीच, पण हसत हसत. “ताई, घरी आल्यापासून नुसती धुसफूस चाललीय. धरा अशी नि धरा तशी. आजपर्यंत ही फक्त माझ्यावर चिडायची हो. तिला काढू नका ना.” मी पुन्हा हर्षदभाईंच्या केबिनमध्ये गेले, आवाज चढवला, काही उपयोग झाला नाही. खूप राग आला मला. एका मुलीला आयुष्यात एक मैत्रीण मिळत होती आणि आम्ही शिकलेली माणसं मिळून ती काढून घेत होतो.

दुसऱ्या दिवशी मृणाल थेरपीला आली ती फुरफुरतच.

“ताई, मला क... रंगळी शिकवा.”

“म्हणजे?”

“एकटी. वर. ती क... रून गेली. मी केलीच नाही. माझी बा... की आहे.”

आता यातली मेख सांगते. मृणालची बोटं एकत्रच उघडायची, एकत्रच मिटायची. एक बोट सुटं उचलणं हे आमच्या धंद्यातलं अवघड काम. वर्षभर मी तिला मातीचे गोळे दिले, मणी दिले, पेटीचे सूर दाबायला लावले. ती कंटाळून गोळे फेकून द्यायची. आता तीच मुलगी दात-ओठ खाऊन बसली. बाकीची तीन बोटं डाव्या हाताने दाबून धरायची, करंगळी सोडायची, पुन्हा मिटायची. पुरे म्हटलं तरी थांबेना. रागाइतकं चांगलं उपकरण मी आजवर कुठल्या कॅटलॉगमध्ये पाहिलेलं नाही.

साहेबांचा दिवस उजाडला. हॉल भरला. शाळेची मुलं मागच्या रांगांत, त्यांत धराही, कारण शाळेला अख्खा वर्ग आणायला सांगितलं होतं. गर्दी दिसायला हवी ना. स्टेजवर मृणालशेजारी नवी बडी, पांढरा फ्रॉक, एकसारखी हसणारी.

साहेब माणूस बरा वाटला. भाषण आटोपून ते मृणालसमोर वाकले. “बेटा, तुझी फ्रेंड कोण?”

पांढऱ्या फ्रॉकने बिल्ला पुढे केला. मृणालने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती हॉलमध्ये शोधत होती. धरा सापडली तशी तिने उजवा हात वर नेला. हात थरथरत होता. निखिल टाळ्यांची खूण करायला लागला, त्याला वाटलं थँक यू आहे. मी पडद्याच्या बाजूला उभी राहून बोटं मोजत होते. एक बोट मिटलं. दुसरं मिटलं. तिसरं मिटून पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. आणि करंगळी उभी राहिली. एकटी.

“कि... ट्टा!”

मग मागच्या रांगेत धरा खुर्चीवर चढली आणि दोन्ही हातांच्या करंगळ्या उगारून किंचाळली, “डबल किट्टा!”

सगळी शाळा फुटली. पोरं नाचायला लागली, बाई श्शू श्शू करत फिरायला लागल्या. हर्षदभाई खुर्चीतल्या खुर्चीत मिटून गेले. साहेबांना मात्र हसू आवरेना. ते मृणालला म्हणाले, “अरे, पण फ्रेंड तर ही शेजारची आहे ना?”

“हिच्याशी किट्टा क... शी करू?” मृणाल म्हणाली. “हिला तर मी ओ... ळखतच नाही.”

साहेब हसायचे थांबले. क्षणभर त्यांनी त्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग हर्षदभाईंना म्हणाले, “त्या खुर्चीवरच्या मुलीला इकडे बोलवा.” धरा आली. दोघींनी एकमेकींकडे पाठ करून सामोसे खाल्ले, पण शेजारी शेजारी बसून.

पुढच्या थेरपीला मृणाल आली आणि म्हणाली, “आता दोन बोटं. ल... वकर.”

त्या वर्षीच्या वाढदिवसाला धरा गेली, दोन चुलत भावंडं घेऊन. केक कुणी कापायचा यावरून म्हणे वाद झाला. आईने मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज इतका आनंदी होता की मी सगळा वाद तिला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावला.

कंपनीनेही धडा घेतला. पुढच्या वर्षी निखिलने नवं सेशन आणलं, ‘किट्टा-बुच्चा वर्कशॉप’. बॅनर लागला. मुलांना जोड्यांनी बसवून सांगितलं, आता भांडा. मुलं हसत बसली. एकालाही भांडण जमेना.

हर्षदभाई घाम पुसत माझ्या शेजारी येऊन बसले. “मीनाबेन, ही भांडत का नाहीत? आपण परवानगी दिली आहे ना?”

“म्हणूनच नाही भांडत. तुम्ही, मी आणि निखिल असे तिघे केबिनमध्ये जाऊन चहा पिऊ या. दार लावून.”

त्यांना ते पटलं नाही. ऑब्झर्वेशन कोण करणार, असं त्यांचं म्हणणं पडलं. तेवढ्यात बाहेरच्या पायऱ्यांवरून लुडोचा पट आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ मृणालचा, ताणलेला पण खणखणीत, “अं... चई!”

हर्षदभाई उठायला लागले. मी त्यांना हात धरून खाली बसवलं.