वरून तिसरी पायरी

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून सांगण्यात आले की, वरच्या धरणाचे दरवाजे उघडले आहेत आणि नदीकाठच्या रहिवाशांनी सतर्क राहावे. सूचना तीनदा वाचली गेली. निघा, असे तिच्यात नव्हते. थांबा, असेही नव्हते.

आमचे घर नदीच्या बाजूने दुसरे. घरात तिघे होतो: आई, वडील आणि मी. मी परभणीच्या एका दैनिकात बातम्या संपादित करते आणि त्या दिवसांत रजेवर होते. आईच्या खुब्याचे ऑपरेशन होऊन बारा दिवस झाले होते. वॉकर धरून ती न्हाणीपर्यंत जात असे, तेही मागे कोणी असेल तर. डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती: पायाला हिसका बसता कामा नये, सांधा निखळू शकतो.

गावातून बाहेर पडायला रस्ता एकच. तो ओढ्यावरच्या बुटक्या पुलावरून वालूरकडे जातो. नदी चढली की ओढ्याचे पाणी मागे फुगते आणि घरांत पाणी शिरण्याआधी पूल बुडतो. त्यामुळे जे ठरवायचे ते पूल उघडा आहे तोवर ठरवायचे होते. निघालो आणि पाणी आलेच नाही, तर खड्ड्यांच्या रस्त्यावर आईला विनाकारण हिसके. थांबलो आणि पाणी आले, तर तिला न्यायला रस्ता नाही. त्याच रस्त्याने पुढे मानवतला मावशीचे घर होते, तळमजल्यावर, पलंग असलेले. अकरापर्यंत मावशीचा चार वेळा फोन आला.

"निघालात का?"

"अजून नाही."

"मग मी भात टाकू का नको?"



अशा वेळेसाठी गावात एक जुना नियम आहे. घाटावर पाणी वरून तिसऱ्या पायरीला लागले की निघायचे. वडिलांनी असे दोन पूर पाहिलेले. दोन्ही वेळा तिसऱ्या पायरीनंतर तासाभरात पूल गेला होता. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक. आईजवळून हलायला ते तयार नव्हते. पायऱ्या बघून यायचे काम माझ्याकडे आले.

अकरा वाजता पाणी वरून सातव्या पायरीला होते. घाटावर शेजारचे किराणा दुकानदार छत्री धरून उभे होते. वडिलांच्या वयाचे, कपाळावर भस्म. सारा गाव त्यांना अप्पा म्हणतो.

"अजून चार पायऱ्या हायत," ते म्हणाले. "लय टाईम हाय. मास्तरला म्हणावं, च्या घ्या निवांत."

"तुम्ही काय करणार, अप्पा?"

"मी काय करणार? दुकान डोक्यावर घेऊन जाऊ?"

तोवर मोबाईलवर तीन संदेश आले होते. तिन्हींत सोडलेल्या पाण्याचे आकडे वेगळे होते. एकात धरणही दुसरेच होते. आकडे क्युसेकमध्ये होते. क्युसेक म्हणजे आमच्या घाटाच्या किती पायऱ्या, हे सांगणारा माणूस मला सापडला नाही. तलाठी म्हणाले, वरून सूचना आली की कळवतो. परभणीहून सहकाऱ्याने सांगितले की काही दरवाजे बंद झाल्याचे कानावर आहे, पण खातरजमा नाही. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय मजकूर लावायचा नाही, ही आमच्या कामातली सवय. त्या दिवशी मी पाच ठिकाणी विचारले. पाच उत्तरे मिळाली आणि पाऊण तास गेला. परत घाटावर गेले तेव्हा पावणेबारा झाले होते आणि पाणी सहाव्या पायरीला होते.

मधल्या वेळात सामान भरणे चालू होते. मी दोन याद्या केल्या होत्या, एक राहायचे ठरले तर आणि दुसरी निघायचे ठरले तर. राहायच्या यादीतले सामान लाल पिशवीत: ज्वारीचे पीठ, मीठ, मेणबत्त्या, काडेपेटी, क्लोरीनच्या गोळ्या. निघायच्या यादीतले निळ्या पिशवीत: ऑपरेशनची फाइल, एक्स-रे, आधार कार्डे, घराचे कागद, आईच्या गोळ्या. टॉर्च दोन्ही याद्यांत होती आणि घरात टॉर्च एकच होती. वडिलांनी ती निळीतून काढून लालमध्ये टाकली. मी लालमधून काढून निळीत टाकली. हे किती वेळा झाले ते मोजले नाही. गोळ्याही अशाच इकडून तिकडे गेल्या.

साडेअकराला वीज गेली होती. फ्रीजमध्ये आईचे इन्सुलिन होते. अप्पांनी दुकानातल्या कोल्ड्रिंकच्या फ्रीजमधला बर्फ दिला. तो स्टीलच्या डब्यात घालून, वर कापड ठेवून, त्यावर इन्सुलिन ठेवले. डबा कोणत्या पिशवीत घालायचा यावर एकमत झाले नाही, म्हणून तो आईच्या उशाशी राहिला.

आई पलंगावरून सूचना देत होती. मूर्ती कोनाड्यातून काढून माळ्यावर ठेवा. धान्याची कोठी विटांवर चढवा.

"आणि चार धपाटे लाव. दोन दिवस टिकत्यात."

"कुठं न्यायला? इथं खायला का तिकडं?"

"पोट दोन्हीकडं हाय, बाई."

धपाटे लावले. ते लाल पिशवीत गेले.

साडेबाराला मी तिसऱ्यांदा घाटावर गेले. पाणी पाचव्या पायरीवर होते. घरी येऊन तसे सांगितले. वडिलांनी ते वहीत वेळेसह लिहिले आणि म्हणाले, "दोन राहिल्या."

आई म्हणाली, "कुठून मोजायलीस?"

"वरून."

"मी पडले ती पायरी धरलीस का?"



मे महिन्यात घाटाच्या वर नवा ओटा बांधला गेला. ओट्याची उंची गाठायला जुन्या नऊ पायऱ्यांच्या वर सिमेंटच्या दोन नव्या पायऱ्या आल्या. त्यांचा गिलावा गुळगुळीत होता. ऑगस्टच्या शेवटी आई धुण्याची बादली घेऊन उतरताना त्यातल्या सगळ्यांत वरच्या पायरीवरून घसरली आणि तिचा खुबा मोडला. हे आम्हा तिघांना ठाऊक होते, अप्पांना ठाऊक होते, गावाला ठाऊक होते. वडिलांनी त्या पायऱ्यांबद्दल ग्रामपंचायतीला लेखी अर्जही दिला होता. अर्जाची प्रत निळ्या पिशवीत होती. पाणी मोजताना मात्र सगळ्यांनी नव्या ओट्यापासून मोजले.

नव्या हिशेबाने पाचवी ती जुन्या हिशेबाने तिसरी.

"म्हणजे लागलंय," वडील म्हणाले. "कधी लागलं?"

पावणेबारा आणि साडेबारा यांच्यामध्ये केव्हातरी. मी एवढेच सांगू शकत होते. वडिलांचा एक तास सुरू झाला होता, पण तो कुठून धरायचा हे कळत नव्हते. पूर्वीचे दोन पूर आले तेव्हा वरच्या बाजूला हे धरण नव्हते, हेही त्यांना तेव्हाच आठवले. त्यामुळे तास तरी खरा का, असे ते म्हणाले. नंतर म्हणाले, "निघा."

ऑटो बोलावला, पण तो गल्लीत येत नाही. आईला हाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून गल्लीतल्या चौघांनी उचलले. अप्पा छत्री धरून बाजूने चालत होते. त्यांना पायऱ्यांचे सांगितले तेव्हा ते मध्येच थांबले.

"आरं देवा. त्या दोन पायऱ्या तर मी उभं राहून बांधून घेतल्या."

"अप्पा," आई खुर्चीतून म्हणाली, "तुमच्या पायरीनं मोडलं तेवढं बस न्हाई का? आता बुडवायलात व्हय?"

"वहिनी, आदी ऑटोत बसा. शिव्या तिकडून फोनवर द्या."

आईचा पाय सरळ ठेवल्यावर ऑटोची मागची सगळी जागा भरली. डबा तिच्या मांडीवर होता. मी चालकाशेजारी बसले आणि पिशवी पायाशी घेतली. वडील अप्पांच्या मोटारसायकलवर मागून येणार होते.

एक वाजून पाच मिनिटांनी पुलाशी पोचलो. पाणी पुलाच्या वरच्या कडेला लागले होते. मधूनमधून सिमेंटवरून एक पातळ थर वाहत होता. चालकाने ऑटो थांबवला.

"ताई, घालू का?"

मी पाण्याकडे बघितले. 

"घाल," आई मागून म्हणाली. "पण हळू घाल, बाबा."

पूल ओलांडायला एक मिनिट लागले नसेल. पलीकडच्या टोकाला, पूल आणि रस्ता जुळतो तिथल्या खड्ड्यात मागचे चाक आपटले. आई एकदा ओरडली. दुखतंय का विचारले तर म्हणाली, "कळंना."

मागे मोटारसायकल नव्हती. मी पायाशी बघितले. पिशवी लाल होती.

वडिलांचा फोन एक पंचवीसला आला. निळी पिशवी घरीच राहिल्याचे वाटेत लक्षात आल्याने ते फाइल आणायला परत गेले होते. ते पुलाशी आले तेव्हा पूल दिसत नव्हता. अप्पा आणि ते परत घरी गेले.

मानवतला आम्ही पीठ, मीठ, मेणबत्त्या आणि धपाटे घेऊन पोचलो. मावशीने भात टाकला नव्हता. संध्याकाळी दवाखान्यात एक्स-रे काढला. डॉक्टर म्हणाले, मला ठीक वाटते, पण ऑपरेशननंतरची फिल्म बघितल्याशिवाय नक्की सांगत नाही. ती फिल्म निळ्या पिशवीत होती. त्या रात्री आणि बुधवारी दिवसभर आई पाठीवर पडून राहिली. दुखतंय का, या प्रश्नाला तिने कधी हो म्हटले, कधी नाही.

पाणी आमच्या घरात शिरले नाही. ते उंबऱ्याच्या चार बोटे खाली थांबले, असे वडिलांनी फोनवर सांगितले. मागून अप्पांचा आवाज आला, सहा बोटं.

गुरुवारी सकाळी पूल उघडा झाला. वडील दहाच्या सुमारास अप्पांच्या मोटारसायकलवरून मानवतला आले. निळी पिशवी त्यांनी प्लास्टिकच्या गोणीत घालून पोटाशी धरली होती. डॉक्टरांनी दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर शेजारी शेजारी धरल्या. सांधा जागेवर होता.